विहिणीशी भांडण्यापुरती हिंदी

ता. १९ जुलै १९३८, मंगळवार. संध्याकाळ.

आणि वर मलाच म्हणतो, अम्मा, तुम्ही हिंदी बोलतच नाही, तुम्ही मराठीच रागावून बोलता. सगळ्या वर्गासमोर. परकरी पोरी फिदीफिदी हसल्या. पोस्टातला तो वाळका कारकूनही हसला. हा चंद्रमौळी मास्तर आहे कोण? इन्नंबूरच्या भातखाचरात वाढलेला तमिळ माणूस. मद्रासला जाऊन परीक्षा काय दिल्या, आणि मला शिकवतो. बाळबोध अक्षरं आमची. याच्या आज्याने ती पाहिली तरी होती काय? आमचे मराठे पूर्वज राजांबरोबर घोड्यावर बसून इकडं तंजावरकडं आले. वरून खाली आले ना? मग हिंदी मुलूख वाटेत लागलाच असेल.

आज शिकवलं काय, तर यह आम है. वह तोता है. मी उभी राहून विचारलं, आंबा आणि पोपट घेऊन मी विहिणीशी भांडायचं कसं? म्हणाला, आधी आंबा, अम्मा, भांडण पुढच्या पुस्तकात.

पाटी बाकावर आपटली. फुटली. कपची उडून मास्तराच्या भुवईत घुसली. रक्त फार नव्हतं. एक पोरगी मात्र उगाच किंचाळली. पाटीत दम नव्हता, त्यात माझा काय दोष.

मास्तराने सांगितलंय, रोज एक पान हिंदीत लिहा. ही वही त्यासाठीच आणली. आज डोकं तापलंय म्हणून मराठीत. उद्यापासून हिंदीत.

ता. २० जुलै, बुधवार.

हिंदी सोपी आहे. लोक उगाच बाऊ करतात. मराठी घ्यायची, अंगावरचे दागिने उतरवायचे, शेवटी है लावायचं. झाली हिंदी. पंधरवडा खूप झाला.

हे दारच्या ओट्यावर, तिण्णैवर बसून पानाला चुना लावत होते. न विचारता म्हणाले, एवढी सोपी असेल तर मास्तराला रक्त का काढलंस? कापीच्या पेल्याखालचा डबरा फेकला. खांबाला लागला. ह्यांना लागला असता तर बरं झालं असतं, पण भांड्यांच्या दुकानात नोकरी करून करून यांना भांडं चुकवायची सवय झाली आहे.

उद्या सकाळी पाचाला उठून पाठांतर.

ता. २३ जुलै, शनिवार.

कशासाठी शिकते ते एकदा लिहून ठेवते. कंटाळा आला की वाचायला होईल.

आमच्यात मुलीला घराणं मिळणं कठीण. तंजावरात घरं थोडी, त्यातली निम्मी भावकी. म्हणून विजयलक्ष्मीला झाशीकडचं स्थळ केलं. मराठेच, पण पिढ्यान्‌पिढ्या तिकडं राहून घरात हिंदी बोलतात. मुलगा तुकोजी. लग्न ठरलं तेव्हा तो बॅरिस्टरी शिकायला विलायतेस निघाला होता, बोट सोडता येईना. म्हणून त्याचा खांडा पाठवला. तलवारीशी लग्न आमच्यात चालतं. नवरा येऊ शकत नसेल तर त्याची तलवार बोहल्यावर. चुलतसासऱ्याने खांडा धरला, आमच्या विजीने त्याला माळ घातली. ठरलं असं, की तुकोजी परत आला की विजी खांडा घेऊन सासरी जाईल. तोवर खांडा आमच्याकडं. विजीवाचून खांडा परत गेला तर नातं संपलं. चार माणसांदेखत ठरलं आहे. मला पाठ आहे.

सहा वर्षं झाली. बॅरिस्टरी एवढी लांब असते काय? विजी रोज सकाळी खांड्याला कुंकू लावते, त्याच्यापुढं पान वाढते, मग स्वतः जेवते. पोर विशी गाठून बसली. शेजारची अलमेलू काल न्हाणीच्या भिंतीवरून विचारते, काय मीनाक्षीबाई, जावई गंजला तर नाही ना? ताकाचं भांडं भिंतीवरून सोडलं. तिच्या कपाळावर टेंगूळ आहे म्हणे. पावसाळ्यात असे प्रश्न विचारू नयेत.

म्हणून हिंदी. विहिणीला समोर बसवायची आणि तिच्याच भाषेत अशी झोडायची की मुलाला तारेने बोलावून घेईल. लग्नाच्या पंगतीत ती काहीतरी बोलली होती आणि तिची सगळी माणसं हसली होती. तेही विसरले नाही. विजी म्हणते, आई, त्या रसमला नावाजत होत्या, एवढं तिखट पहिल्यांदा खाल्लं म्हणाल्या. तिला कसं कळलं? तर माझं पुस्तक मी निजले की ती वाचते. पळीने हातावर दिली एक. वळ उठला. अपमान मला हिंदी न येताही कळतो.

तरी बघा, पुस्तक मी आणलं आणि पाठ तिला झाले. म्हणजे माझ्यात शिकवण्याची कला आहे.

ता. २८ जुलै, गुरुवार.

क्लासच्या दारात काळे बावटे घेऊन माणसं उभी. सरकारने शाळांत हिंदी सक्तीची केली म्हणून राग. एकाने हात जोडून मला अडवलं. अम्मा, परत जा, ही भाषा आपल्यावर लादतायत. मी म्हटलं, माझ्यावर काही लादणारा अजून जन्मायचा आहे, आणि छत्री घातली. खांद्यावर बसली. काहीतरी कट्‌ झालं. मला वाटलं छत्रीची काडी. काडीही मोडली होती, पण ती नंतर.

तो खाली बसला आणि म्हणतो काय, अम्मा, आता दुसऱ्या खांद्यावर मारा, हा निखळला. अशा माणसाला मारण्यात काही राम नाही. दुसऱ्यावरही मारली, पण मन लागलं नाही.

आत गेले तर मास्तर टेबलाखाली. धडा झाला नाही. माझा अभ्यास बुडाला त्याला जबाबदार कोण?

ता. २ ऑगस्ट, मंगळवार.

आडी अठरा, नदीचा सण. कावेरीला पाणी चढलंय, घाटावर सगळं गाव. चित्रान्नाचे डबे घेऊन आम्हीही गेलो. तिथं काशीकडची एक बाई दिसली, कपाळभर शेंदूर, यात्रेकरू. म्हटलं परीक्षा घेऊन टाकू. तिला गाठून सगळं सांगितलं. मुलगी, तलवार, सहा वर्षं, विहीण. एकदाही अडखळले नाही. माझे डोळे भरून आले, तिचेही आले. मग तिने चोळीतून एक आणा काढून माझ्या हातावर ठेवला, मूठभर चुरमुरे दिले आणि घाईने निघून गेली.

विजी हसता हसता पाण्यात बसली.

आणा त्या बाईच्या मागे भिरकावला. पाठीत लागला असावा, कारण ती पळाली. पण मुद्दा असा की तिला कळलं. मुलगी संकटात आहे हे कळल्याशिवाय कोण पैसे देतं? हिंदी तयार आहे. आता फक्त धार लावायची.

ता. ९ ऑगस्ट, मंगळवार.

तंजावरहून यांचे चुलतभाऊ सुंदरराव आले. झाशीचा निरोप. विहीण आणि तिचा दीर रामेश्वराला निघालेत, वाटेत आमच्याकडं उतरणार, महिनाअखेरीस. खांड्याबद्दल बोलायचं आहे म्हणे. बघा. मी शिकायला लागले आणि ती घाबरून निघाली. बातमी कशी पोचते देव जाणे.

सुंदरराव म्हणाले, वहिनी, हिंदी नीट येणारं कुणीतरी जवळ ठेवा. त्यांना वाढलेलं पान उचलून नेलं. हात धुवायला तरी पाणी दे, हे म्हणाले. दिलं. डोक्यावरून.

खांड्याबद्दल म्हणजे विजीला न्यायची बोलणी, दुसरं काय असणार. विजीला सांगितलं, पातळं काढ. ती खाली बघत आत गेली. लाजली.

ता. १३ ऑगस्ट, शनिवार.

क्लासमध्ये चाचणी. मास्तराने गोष्ट वाचून दाखवली आणि प्रश्न विचारले. कोल्हा कुठं गेला, द्राक्षं कशी होती. मी प्रत्येकाला जोरात हां म्हटलं. तो म्हणाला, अम्मा, कळलं नसेल तर नहीं समझी म्हणायचं, त्यात लाज नाही, सगळ्या कामात हां म्हणू नका, एखाद्या दिवशी महागात पडेल. मी म्हटलं, कोल्ह्याच्या कामात काय महागात पडणार?

फेल केलं मला. पोस्टातला कारकून पास.

टेबल उलटलं. खाली मास्तराचा पाय होता. उद्यापासून क्लासला येऊ नका म्हणाला, तेही एका पायावर उभं राहून. मीच येणार नव्हते. जे यायचं ते आलंच आहे. आता घरीच. रोज दोन तास. उद्यापासून ही वहीही हिंदीतच.

ता. २२ ऑगस्ट, सोमवार.

भाषण तयार. अर्धं पुस्तकातलं, अर्धं माझं. विजीला म्हटलं ऐक. ऐकून म्हणाली, आई, यातलं त्यांना तुझा आवाज तेवढा कळेल. मी बोलते त्यांच्याशी, मला येतं. सून समोर येऊन सासूशी बोलणार? कुठली रीत ही? कानाखाली दिली. हात जरा जोरात बसला, कानात दडे बसलेत म्हणते. बसू देत, तेवढंच शांत.

मग यांना विहीण केलं. डोक्यावरून पदरासारखा टॉवेल घेऊन बसवलं आणि भाषण सुरू केलं. बोलता बोलता मला ते खरंच तीच वाटायला लागले. टॉवेलसकट ओढले. आता मान एकाच बाजूला वळते. पण भाषणात जोर आहे हे सिद्ध झालं.

ता. २९ ऑगस्ट, सोमवार.

गणपती बसले. मोदकांत लक्ष नाही. चंद्रमौळीकडं यांना पाठवून निरोप दिला, परवा दुपारी या, फक्त बसायचं, बोलायचं नाही, म्हणजे फेल कुणाला केलं ते कळेल. हे म्हणतात, तो लंगडत येईन म्हणाला. आणि असंही म्हणाला, की येतो ते अम्मांसाठी नाही, मुलीसाठी.

येऊ दे. साक्षीदार हवाच.

ता. ३१ ऑगस्ट, बुधवार. दिवे लागायच्या आधी.

आत्ताच गेले ते. देवापुढं साखर ठेवून आले. क्रमाने लिहिते.

विहीण म्हातारी झाली. केस पांढरे, आवाज खाली. मी आधीच ओळखलं, अपराधी माणूस आहे. दीर बरोबर, हातात गाठोडं. तिण्णैवर सतरंजी टाकून बसवलं. पानदान समोर. मास्तर खांबाशी, हे कोपऱ्यात. विजीला स्वयंपाकघरात घालून बाहेरून कडी लावली, मध्येच आली असती तर शोभा झाली असती.

भाषण केलं. पूर्ण. थुंकीसुद्धा गिळली नाही. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. जिरली.

मग विहीण बोलायला लागली. हळू, खूप वेळ. शब्द सोडले तर मला सगळं कळलं. तुकोजीचं नाव आलं, विलायतेचं आलं, मध्ये तिचे डोळे भरले. माफी मागत होती, दुसरं काय. मी म्हटलं, हां.

तेवढ्यात मास्तर उठला आणि तमिळमध्ये म्हणाला, अम्मा, थांबा, हां म्हणू नका, आधी काय विचारतायत ते ऐका. बोलायचं नाही असं ठरलं असताना. पानदान पितळेचं, आमच्या यांच्याच दुकानातलं, कुंभकोणची घडण. तोंडावर बसलं. पुढचे दोन दात सतरंजीवर, सुपारीच्या खांडांत पडले, वेगळे काढायला वेळ लागला. विहीण घाबरली, मी हसून म्हटलं, नौकर है. त्याला तिण्णैखाली रस्त्यावर ढकलला.

मग हे पुढं आले. दिराने गाठोडं सोडलं होतं त्याकडं बोट दाखवत काही म्हणायला लागले. ऐन वेळी. खांद्याला धरून तिण्णैवरून खाली लोटलं. मनगट मोडलं असावं, विचित्र लोंबत होतं. आतून विजी दार बडवत होती, ओरडत होती, आई, दार उघड, नाही म्हण, आधी मला विचार. दारावर लाथ मारली, गप्प झाली. पलीकडं तिचं डोकं टेकलेलं होतं हे नंतर कळलं.

या सगळ्यात विहीण काय म्हणत असेल असं वाटलं, पण बाई शहाणी. पुन्हा माझे दोन्ही हात धरून तेच विचारलं. मी हां म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं, विजीचं नाव घेऊन, दाराकडं बघत. मी म्हटलं, हां, हां, हां. तेव्हा ती रडली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. वरमाईने मुलीच्या आईच्या पायाला. असं आमच्या सात पिढ्यांत झालं नाही. अलमेलू भिंतीवरून बघत होती. बघ म्हटलं, बघून घे.

दिराने खांड्याकडं हात केला. ठरलेलं मला आठवत होतं, विसरले नव्हते. पण पाय धरणारी बाई फसवेल काय? खांडा रामेश्वराच्या समुद्रात धुऊन आणतील, परतताना विजीला नेतील, तिकडची रीत असेल. खांडा पुढं, सून मागून. मीच आणला देवघरातून. हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, विजीच्या लग्नाच्या शालूत गुंडाळून दिराच्या हातात दिला. त्याने कपाळाला लावला.

जाताना गाठोड्यातलं सोन्याचं कडं माझ्या हातात ठेवलं. अगदी आम्ही जावयाला दिलं होतं तसंच, तशीच वाघाची तोंडं. माणसं अडाणी असली तरी आवड बरी आहे.

मी हिंदीत भांडले आणि जिंकले.

ता. १ सप्टेंबर, गुरुवार.

जिंकल्यावर झोप चांगली लागते. यांचं मनगट वैद्याने बांधलं. विजीच्या कपाळाला खोक आहे. हळद लावायला गेले तर तोंड फिरवलं. सासरी जायचं म्हणून कातर झाली असेल.

आता हिंदीची गरज उरली नाही, तरी सोडायची नाही. उद्यापासून ही वही हिंदीत.

ता. ४ सप्टेंबर, रविवार.

विजी कुंकू लावत नाही. विचारलं तर म्हणते, कशाला लावू, रोज ज्याला आधी लावून मग मी लावत होते ते गेलं. म्हटलं, येणार आहे परत. ती माझ्याकडं बघत राहिली. त्या बघण्याचाच राग आला. झिंज्या धरून बसवली आणि बोटाने कुंकू ओढलं. खोक फुटली. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं कळेना. ती रडलीसुद्धा नाही. म्हणाली, आई, झालं तुझं?

पूर्वी मार खाल्ला की रडायची. आता हात दुखतो तो माझा.

ता. ८ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी अकरा.

रामेश्वराची माणसं एव्हाना परतायला हवी होती. म्हटलं विहिणीला एक कार्ड टाकू, कधी येता. हिंदीत लिहायचं तर मास्तर हवा. राग सोडून मीच त्याच्या बिऱ्हाडी गेले. तो म्हणाला, अम्मा, आधी छत्री अंगणात ठेवा, मग त्या टोकाला बसा. बसले.

दात नाहीत त्यामुळं शब्दांतून वारा जातो. पण तमिळमध्ये बोलत होता, एकेक शब्द कळला.

तुकोजी बॅरिस्टर होऊन दोन वर्षांपूर्वीच परत आला. अलाहाबादेत असतो. तिथंच दुसरं लग्न केलं, मूल आहे. विहीण हे सांगायला एवढ्या लांब आली, कागदावर कळवायची लाज वाटली म्हणून. तिने विचारलं, आम्ही तुमचे गुन्हेगार आहोत, तुमची इच्छा असेल तर मुलीला घेऊन जाऊ, दुसरेपणाने का होईना मी तिला पोटच्या पोरीसारखी सांभाळीन, आणि इच्छा नसेल तर खांडा परत द्या, ती मोकळी. खांडा परत द्यायची तुमची इच्छा आहे काय? मी हां म्हटलं. पुन्हा विचारलं, तक्रार नाही ना? हां. तिसऱ्यांदा विचारलं, मुलीला विचारलंत ना, तिचंही असंच मत आहे ना?

मी म्हटलं, मास्तर, पुढचं सांगू नका.

तो म्हणाला, मी रस्त्यात तोंड धरून सगळं ऐकत उभा होतो, त्या जाताना थांबून मला म्हणाल्या, एवढी मोठ्या मनाची बाई मी पाहिली नाही, पण तुम्हां नोकरांना फार मारते.

मला तेव्हाच का नाही सांगितलं, असं विचारणार होते. त्याने तोंड उघडून हिरडी दाखवली.

आज मी कुणाला मारलं नाही.

ता. ९ सप्टेंबर, शुक्रवार.

यांना विचारलं, तुम्ही काय म्हणायला आला होता? म्हणाले, ते कडं ओळखलं होतं, आपणच दिलेलं, सोनाराचा शिक्का दिसला. दिलेलं परत आणतात ते कधी, तुला ठाऊक आहे. मग सांगितलं का नाही? म्हणाले, सांगायला तोंड उघडलं तेव्हा मी तिण्णैवर होतो, मिटलं तेव्हा गटारात. नंतर विचारलंस का कधी?

स्टेशनवर गेले. तिथला स्टेशनमास्तर म्हणाला, रामेश्वरची माणसं मद्रासला कधीच गेली. त्याच्या खिडकीची काच फोडली. तारेने उत्तर येईल काय विचारलं, तर म्हणाला, कुणाला पाठवायची, पत्ता? पत्ता हिंदीत आहे, मला वाचता येतो, पण काय लिहायचं? खांडा परत द्या? मीच शालूत गुंडाळून दिला. आम्हांस कळलं नाही? अलमेलूच्या देखत हां म्हटलं.

चूक विहिणीची. मराठा असून मराठी बोलत नाही. चूक सरकारची.

ता. १५ सप्टेंबर, गुरुवार.

क्लासच्या दारात काळे बावटे होतेच. जाऊन त्यांच्यात उभी राहिले. ज्याचा खांदा निखळवला होता त्याने सरकून जागा दिली, जरा लांबची. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडले. हिंदी नको, हिंदीने माझं घर बुडवलं, या भाषेला आग लागो. घसा फुटला. मग तो हळूच म्हणाला, अम्मा, तुम्ही कुठल्या भाषेत ओरडताय, लोकांना हिंदीच वाटते आहे.

आतून क्लास चालू होता. खिडकीतून एक आवाज आला, सावकाश, न अडखळता धडा वाचणारा. ओळखीचा वाटला. वाकून पाहिलं. पोरींच्या मागच्या ओळीत, कपाळाला पट्टी, आमची विजी.

आत गेले नाही. हातात छत्री होती तरी.

ता. २६ सप्टेंबर, सोमवार. दुपार.

नवरात्र बसलं. अलमेलूकडं कोलू मांडला आहे, बाहुल्यांच्या पायऱ्या भिंतीला टेकल्यात. ती सकाळी दारात आली, आत नाही, दारात. आमंत्रण द्यायचं होतं. माझ्या खांद्यावरून विजीकडं बघत म्हणाली, मीनाक्षीबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तिला कशात मोजू? सवाष्णींच्या ताटात कुंकू-पान असतं, कुमारिकांना परकराचं कापड. आणि विधवा म्हणावं तर, आणि तिथंच थांबली. यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला काहीतरी फेकता आलं असतं. म्हटलं, सांगते.

ती गेल्यावर विजी बोलली. इतक्या दिवसांनी. मी विळीपाशी होते, समोर भोपळा. तिने आधी विळी उचलून बाजूला ठेवली, मग माझ्यासमोर बसून म्हणाली, मास्तरांनी परीक्षेचा फॉर्म भरायला सांगितलाय, त्यात नाव लिहायचं आहे. माहेरचं लिहू की सासरचं? पास झाले तर तिरुनीलक्कुडीच्या शाळेत शिकवायला मिळेल म्हणतात. तिथं विचारतील तेव्हा काय सांगू? लग्न झालेली, न झालेली, टाकलेली, की नवरा मेलेली? तो तर मेला नाही. त्यांनी नेते म्हटलं होतं, मोकळी करते म्हटलं होतं. मला दारामागून दोन्ही ऐकू आलं, आई. यातलं मला काय हवं होतं ते कुणीच विचारलं नाही, त्यांनी निदान, मुलीला विचारलंत ना, एवढं तरी म्हटलं होतं.

मी म्हटलं, तुला काय हवं होतं?

ती म्हणाली, ते मी सांगीन, पण आधी तू. माझं लग्न तू लावलंस, तू मोडलंस. मग आता मी कोण ते तू ठरव आणि मला सांग. मराठीत सांग, तुझ्या मराठीत, हात न उगारता. सबंध वाक्य. खंडेनवमीला देवघरात मांडायला खांडा नाही, त्या दिवशी अलमेलूमामी बोलावणार आहेत, त्यांना उत्तर मी देणार. नवमीच्या सकाळी, पूजेआधी, मला ते तुझ्या तोंडून पाहिजे. आणि नुसतं हां चालणार नाही.